माऊस मॉडेलचा सामायिक साठा: निधीच्या अर्जात या चुका टाळा

जनुकात बदल केलेला नवा उंदीर तयार करायला पैसे मिळतात. तोच उंदीर आठ-दहा वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेला निरोगी आणि खात्रीचा मिळावा, यासाठी लागणारा खर्च मात्र अर्जात सहसा मांडलेलाच नसतो. एका आजारावर अनेकांनी एकच मॉडेल (त्या आजाराचा नमुना म्हणून वापरायचा उंदीर) वापरायचे असेल, तर अर्जाचा सगळा जीव या दुसऱ्या खर्चात आहे.

संशोधन प्रकल्पासारखा अर्ज लिहिणे

गृहीतक आणि प्राथमिक निष्कर्ष यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. साठ्याचा अर्ज वाचणारा समीक्षक वेगळेच शोधत असतो: हा स्ट्रेन (उंदरांचा ठरावीक वंश) दुसरीकडे मिळतो का, कोण मागणार, तपासणी कशी होणार, पाठवणार कसा. म्हणून आधी आयएमएसआर (कोणता स्ट्रेन कुठे मिळतो याची) आणि एमजीआय (उंदरांच्या जनुकांची) या खुल्या सूचींत प्रत्येक अ‍ॅलील (जनुकाचे विशिष्ट रूप) शोधा. जे एखाद्या भांडारात सुरक्षित आहे, ते पुन्हा सांभाळायला पैसे मागू नका. पाठिंब्याच्या पत्रांत ‘उपक्रम मोलाचा आहे’ एवढेच असेल तर त्यांचा उपयोग नाही. कोणता स्ट्रेन, किती उंदीर, कोणत्या प्रयोगासाठी आणि साधारण कधी, हे पत्रात यायला हवे.

अमेरिकेची एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था २००४ पासून अशी मॉडेल तयार करणाऱ्या अर्जांत वाटपाची योजना मागते. तिथे ‘शोधनिबंध छापून आल्यावर मागेल त्याला देऊ’ हे वाक्य पुरेसे नाही. अमेरिकेतले एमएमआरआरसी असो वा दुसरे भांडार, त्याचे नाव, स्ट्रेन कधी सोपवणार आणि खर्च कोण उचलणार, हे लिहा.

पिंजरे न मोजता अंदाजपत्रक करणे

हिशेब पिंजरा-दिवसांत करा (एक पिंजरा एक दिवस सांभाळणे म्हणजे एक पिंजरा-दिवस). ४० स्ट्रेन, प्रत्येकी ६ पिंजरे म्हणजे २४० पिंजरे, म्हणजे वर्षाला ८७,६०० पिंजरा-दिवस. याला संस्थेचा रोजचा दर लावला की आकडा डोळ्यांत भरतो आणि सगळे स्ट्रेन जिवंत ठेवायचा आग्रह आपोआप सुटतो. वर्षभरात ज्याला मागणी आली नाही, त्याचे शुक्राणू किंवा भ्रूण गोठवून ठेवा.

वेळेचा हिशेबही इथेच चुकतो. गर्भधारणा १९ ते २१ दिवसांची, पिल्लू प्रजननक्षम व्हायला ६ ते ८ आठवडे. जोडी लावण्याचे आणि जीनोटायपिंगचे (पिल्लात हवा तो जनुकीय बदल आहे का हे तपासण्याचे) दिवस धरले की एक पिढी १० ते १२ आठवड्यांची होते. दहा पिढ्यांचे बॅकक्रॉसिंग (हव्या त्या वंशाशी पुन्हा पुन्हा संकर करणे) म्हणजे दोन वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. तीन वर्षांच्या अनुदानात पहिल्याच वर्षी वाटप सुरू करू असे लिहिले, तर जाणकार समीक्षक तिथेच थांबतो. डीएनए मार्कर वापरून योग्य पिल्ले निवडली तर साधारण पाच पिढ्यांत भागते, पण मग त्या तपासण्यांची रक्कम आधीच मागावी लागते.

‘शुक्राणू गोठवले, काम झाले’

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. अनुदान संपता संपता उरलेल्या म्हाताऱ्या नरांचे शुक्राणू गोठवले जातात आणि पाच वर्षांनी कळते की त्यांतून फलन होत नाही. जीनोटाइप पक्का झाला की लगेच, तीन ते सहा महिने वयाचे किमान दोन-तीन नर घ्या. प्रत्येक नरामागची एक स्ट्रॉ (गोठवलेल्या शुक्राणूंची नळी) चाचणीसाठीच राखून ठेवा. ती वितळवून प्रयोगशाळेत फलन करा, दुसऱ्या दिवशी दोन पेशींचे भ्रूण मोजा, ते दाई मादीत सोडा आणि जन्मलेल्या पिल्लांचा जीनोटाइप तपासा. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू वळवळताना दिसले, हा पुरावा नव्हे. सी५७बीएल/६ (थोडक्यात बी६) या नेहमीच्या वंशाचे गोठवलेले शुक्राणू तर या बाबतीत कुप्रसिद्ध होते. गोठवण्याच्या द्रावात मोनोथायोग्लिसरॉल आणि फलनाच्या माध्यमात मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन व ग्लुटाथायोन वापरल्याने फरक पडला. ही रसायने आणि हे कसब असलेला तंत्रज्ञ, दोन्ही अंदाजपत्रकात धरा.

तीन वेगवेगळ्या जनुकांतले बदल एकत्र असलेला स्ट्रेन नुसत्या शुक्राणूंवर सोडू नका. साध्या मादीच्या बीजाशी फलन झाले की प्रत्येक बदलाची एकच प्रत उरते. मग भावंडांची जोडी लावून तिन्ही बदल दुहेरी असलेले पिल्लू मिळण्याची शक्यता ६४ मध्ये १. एका वेतात ६ ते ८ पिल्ले धरली, तर असे एक पिल्लू मिळायला सरासरी ८ ते ११ वेते लागतात. इथे भ्रूण गोठवणे महाग वाटले तरी शेवटी स्वस्त पडते.

साठा दोन ठिकाणी ठेवण्याचा खर्चही मागा. १९४७ च्या आगीत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेचे बहुतेक उंदीर गेले आणि इतरांकडे पाठवलेले वंश परत आणून ती पुन्हा उभी राहिली. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरात हजारो उंदीर मेले.

पार्श्वभूमी नुसती ‘बी६’ लिहिणे

सी५७बीएल/६जे मध्ये एनएनटी जनुकाचा काही भाग गळालेला आहे आणि त्याचा परिणाम इन्सुलिन स्रवण्यावर होतो. सी५७बीएल/६एन मध्ये सीआरबी१ जनुकातला आरडी८ बदल आहे आणि त्याने डोळ्याचा पडदा बिघडतो. मधुमेहाचे किंवा अंधत्वाचे मॉडेल या दोन उपवंशांच्या मिश्रणावर वाटले, तर घेणाऱ्यांचे निष्कर्ष जुळणार नाहीत आणि दोष मॉडेलवर येईल. उपवंश पूर्ण लिहा, एसएनपी तपासणीची (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक पाहून उपवंश ओळखण्याची) तरतूद ठेवा. बाहेरून येणाऱ्या उंदरांसाठी विलगीकरणाचे पिंजरे आणि एमएचव्ही (उंदरांचा विषाणू), पिनवर्म (आतड्यातले जंत) यांच्या चाचण्याही धरा. संसर्ग निघालाच, तर भ्रूण-रोपणाने वंश स्वच्छ करावा लागतो.

शुल्कावर सगळे भागेल असे मानणे

मागणी थोड्याच स्ट्रेनना असते, बाकीचे वर्षानुवर्षे टाकीत पडून राहतात. मागणाऱ्यांच्या शुल्कातून उंदीर वाढवणे, तपासणे आणि पाठवणे निघते. टाकीतला द्रव नायट्रोजन, टाकी बिघडल्यास वाजणारी घंटा, नोंदवही यांचा खर्च निघत नाही. जो पगार अनुदानातून दिला जातो तो शुल्कात पुन्हा लावू नका, लेखापरीक्षणात तो दुहेरी वसुली ठरतो. शुल्काची जमा कशावर खर्च होणार, हे अर्जातच सांगा.

साहित्य हस्तांतरणाचा करार आणि मूळ अ‍ॅलीलवरचे इतरांचे हक्क अर्जापूर्वी तपासा. पैसे मिळाल्यावर अडचण निघाली तर वाटप महिनोन्‌महिने अडते.

शेवटच्या वर्षाच्या तरतुदीत ड्राय शिपर (गोठवलेले नमुने पाठवायचे थंड पात्र), वाहतूक आणि तंत्रज्ञाचा काही महिन्यांचा पगार वेगळा दाखवा. साठा स्वीकारायला तयार असलेल्या भांडाराचे पत्र अर्ज पाठवतानाच जोडा.