उन्हाळ्यातील परसबाग: आधी मुळांची ओल, मग अळीचा बंदोबस्त

उन्हाचा तडाखा वाढला आणि पाण्याची ओढ सुरू झाली की परसबागेत दोन तक्रारी हटकून सोबत येतात. झाडे मलूल पडतात आणि त्याच झाडांची पाने अळ्या फस्त करू लागतात. अळी डोळ्यांना दिसते, म्हणून पहिला हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. माझा आग्रह मात्र असा की पहिला हात मातीला लावा. मुळाशी ओल असेल तर रुंद पानांचे मोठे झाड एकदा सगळी पाने गमावूनही पुन्हा फुटते. तहानलेल्या झाडाकडे नवी पालवी काढायला लागणारे बळच उरत नाही.

पाणी द्यायचे की नाही, हे दुपारची पाने बघून ठरवू नका. भोपळा, दोडका, काकडी यांची पाने मातीत ओल असतानाही भर उन्हात माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळीही पाने लोंबलेली असतील तर ती खरी तहान. खुरप्याने १० ते १५ सेंटिमीटर खोल माती उकरा आणि मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर आज पाणी नको, भुरभुरली तर द्या. वरची माती उन्हाळ्यात कायम कोरडीच दिसते, तिच्यावर विसंबू नका.

रोज झारीने थोडे थोडे शिंपडण्यात पाण्याची सर्वांत जास्त नासाडी होते. वरचा थर भिजतो, दुपारपर्यंत सुकतो आणि मुळेही वरच रेंगाळतात. त्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर जाईल इतके पाणी द्या. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. म्हणजे २५ मिलिमीटर ओलीसाठी दर चौरस मीटरला २५ लिटर. फांद्यांचा पसारा दोन मीटर व्यासाचा असलेल्या झाडाखाली साधारण तीन चौरस मीटर जमीन येते, तिला ७५ लिटरच्या आसपास पाणी लागेल. ते एकदम ओतू नका. वाळून कडक झालेली माती पाणी पटकन पीत नाही, ते वरून वाहून जाते. आधी थोडे द्या, मुरू द्या, मग उरलेले द्या. आळे खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या टोकांखाली करा, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तिकडे असतात. वेळ पहाटेची उत्तम.

पाणी सगळ्यांना पुरणार नसेल तर मन घट्ट करून क्रम लावावा लागतो. पहिला मान गेल्या दोन-तीन वर्षांत लावलेल्या रोपांचा, त्यांची मुळे अजून खोल गेलेली नसतात. मग फळे धरलेली झाडे, मग भाजीचे वाफे. हिरवळ शेवटी. ती पिवळी पडली तरी बहुतेक वेळा पाऊस आल्यावर परत हिरवी होते, वाळलेले कलम परत येत नाही.

आच्छादनाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पालापाचोळा, वाळलेले गवत किंवा काडाचा पाच ते आठ सेंटिमीटरचा थर आळ्यात पसरा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. वेलभाज्यांच्या वाफ्यात बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा आणि तोंड झाका. पाणी झिरपून थेट मुळांना मिळते. भाज्या धुतलेले पाणी खुशाल वापरा, पण साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नका. कुंड्या एकमेकींजवळ सावलीत सरकवा. आणि या दिवसांत नत्रयुक्त खत अजिबात नको: त्याने लुसलुशीत फूट येते, तिला पाणीही जास्त लागते आणि अळ्यांनाही तीच आवडते.

आता अळीकडे वळू. अळी पानाच्या रंगात मिसळून जाते, तिची विष्ठा मात्र लपत नाही. खालच्या पानांवर, कुंडीच्या काठावर काळपट हिरव्या बारीक गोळ्या दिसल्या की बरोबर त्याच्या वरची फांदी उलटून पाहा. लिंबू आणि कढीपत्त्यावर कोवळ्या पानांवर एकेकटी घातलेली फिकट पिवळी गोल अंडी सापडतील. त्यातून निघणारी लहान अळी तपकिरी-पांढरी, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पाहूनही ती नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते. उग्र वास येतो, पण ती चावत नाही. हाताने वेचा. लहान कलमाचा शेंडा ती काही दिवसांत बोडका करते, म्हणून नवी पालवी असताना दर दोन-तीन दिवसांनी नजर फिरवा.

स्पोडोप्टेरा या पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी पानाखाली अंड्यांचा पुंजका घालते आणि तो तपकिरी केसांनी झाकते. नुकत्या निघालेल्या अळ्या एकाच पानावर घोळक्याने हरितद्रव्य खरवडतात आणि पान जाळीदार होते. हीच पकडण्याची वेळ. ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले की सगळी पिल्लावळ संपते. चार-सहा दिवस गेले की त्या पांगतात, दिवसा मातीत आणि पाचोळ्यात लपतात आणि रात्री खातात. मग बॅटरी घेऊन अंधार पडल्यावरच वेचाव्या लागतात. केसाळ अळीला उघड्या हाताने शिवू नका. केस टोचलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा आणि मग धुवा.

वेचून आवरत नसेल तरच फवारणी. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, पाणी घालून १ लिटर करा आणि २ ग्रॅम साबण मिसळा. हा अर्क त्याच दिवशी वापरून संपवा. दुसरा पर्याय बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा अळ्या मारणारा जिवाणू. ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते, त्यामुळे पानांच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. अळी काही तासांत खाणे थांबवते, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. लगेच दुसरी फवारणी करू नका. मात्रा पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे घ्या. दोन्ही औषधे उन्हात लवकर निकामी होतात आणि दोन्ही लहान अळ्यांवरच नीट चालतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करा. त्याआधी झाडाला पाणी दिलेले हवे. तहानलेल्या झाडावर भर उन्हात साबण किंवा तेल पडले तर पाने करपतात.

जहाल रासायनिक कीटकनाशक घरच्या बागेत नकोच. त्याने अळीसोबत तिला खाणारे भुंगेरे, प्रार्थना कीटक आणि परजीवी गांधीलमाश्याही मरतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात मोकळे रान मिळालेला लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पानांवर चढतो. एखाद्या अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढरे बारीक कोष चिकटलेले दिसले तर तिला मारू नका, जागेवरच राहू द्या. त्या कोषांतून परजीवी माश्या बाहेर पडतील. पक्ष्यांसाठी पाण्याचे उथळ भांडे ठेवा, तेही अळ्या टिपतात.

झाड पूर्ण निष्पर्ण झालेच तर घाबरून छाटू नका. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा, आत हिरवे ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. सावली गेल्यामुळे उघडे पडलेले खोड उन्हाने भाजते, त्याला चुन्याचा हात द्या. पाने नसलेले झाड पाणी कमी ओढते, त्यामुळे दर वेळी माती तपासूनच पाणी सोडा. नवी पालवी फुटली की अळ्यांची पहिली धाड तिच्यावरच येते, तेव्हा ती पाने जून होईपर्यंत रोज सकाळी पाहणी करा आणि खताचा हप्ता त्यानंतरच द्या.