बोअरच्या पाण्यात साबण फुटतो तेव्हा

आमच्या रेणापूरकडं उन्हाळा चढला की बोअरचं पाणी जड होतं. डाळ शिजता शिजत नाही, आणि धुण्याला फेस यायच्या ऐवजी बादलीवर पांढरी साय धरते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. ती साय म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं धरलेला साबण. त्यांचं पोट भरल्यावर जो उरेल तोच साबण मळाला लागतो.

आधी पाणी तपासा. पन्हाळीखाली पावसाचं पाणी धरलेलं असेल (पहिली सर सोडून) तर त्यात साबणाचा थोडा कीस विरघळवा. डिटर्जंटची वडी नको, जड पाण्यात तिची अशी साय होत नाही, मग कळायचं काय? दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत अर्धा पेला पावसाचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. साबणाचं पाणी थेंबथेंब टाकत जोरात हलवा, फेस दोन मिनिटं टिकेपर्यंत थेंब मोजा. माझ्याकडं पावसाच्या पाण्याला सहा लागले. बोअरच्या पाण्याला चाळीस झाले तेव्हा मी मोजणं सोडलं.

तुरटीचं कोडं मात्र मला फार उशिरा सुटलं. टँकरचं गढूळ पाणी आलं की आत्याबाई हौदात तुरटी फिरवायच्या. गाळ बसायचा, तळ दिसायचा, आणि त्याच नितळ पाण्यात साबण फुटायचा, दुधात लिंबू पिळल्यासारखा! तुरटीनं पाणी आंबटावतं. आंबटपणात साबणातला सोडियम सुटतो आणि मागं तेलकट आम्ल राहतं, ते पाण्यात विरघळत नाही. वर तुरटीतलं ॲल्युमिनियमही साबणाला धरून बसतं. म्हणून तुरटी जेमतेम फिरवा. पितळेची भांडी चिंचेनं घासली असतील तर चिंच पुरती धुऊन मगच साबण लावा.

उपाय धुण्याच्या सोड्याचा. पंधरा लिटरच्या बादलीला सपाट चमचाभर सोडा, ढवळून रात्रभर ठेवा, सकाळी तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या. तुरटीचा आंबटपणाही त्यानंच मरतो. खायचा सोडा इथं कामाचा नाही. पाणी उकळलं तर बायकार्बोनेटचा जडपणा जातो, क्लोराइड-सल्फेटचा राहतो, आणि गॅस जळतो तो वेगळाच.

पैठणीला, लोकरीला हे सोड्याचं पाणी लावू नका. त्यांच्यासाठी मी पावसाच्या पाण्याचे दोन कॅन झाकून ठेवते.