वेस्टर्नमधल्या बंदुका: आधी साल ठरवा, मग बंदूक (आणि या चुका टाळा)

शॉर्टफिल्म असो, कॉमिक असो नाहीतर गेमचं मॉडेल, वेस्टर्न करायला घेतला की सगळे पहिलं काम एकच करतात, जुने हॉलिवूड वेस्टर्न लावायचे आणि तिथल्या हिरोच्या हातात जे दिसेल ते आपल्या हिरोला द्यायचं. घोळ इथेच होतो. कारण त्या पिक्चरमधल्या बंदुका बऱ्याचदा इतिहास बघून निवडलेल्याच नव्हत्या, भाड्याने देणाऱ्याकडे काय पडलंय आणि कुठलं ब्लँक (म्हणजे शिशाची गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) त्यात बसतं यावर त्या ठरायच्या.

म्हणजे बघा, हॉलिवूडमध्ये फाइव्ह-इन-वन नावाचं एक ब्लँक चालायचं. हे एकच ब्लँक .38-40, .44-40 आणि .45 कोल्ट अशा तीन कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसायचं, वर .38-40 आणि .44-40 च्या रायफलमध्येही. प्रॉपवाल्याला वाळवंटात लोकेशनवर जाताना एकाच प्रकारच्या ब्लँकचे डबे घेतले की काम झालं. म्हणून मग हिरोच्या कमरेला कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी आणि हातात विंचेस्टर 1892, गोष्ट कुठल्या का सालातली असेना. 'द सर्चर्स'ची गोष्ट 1868 मध्ये सुरू होते आणि जॉन वेनकडे 1873 चं कोल्ट आणि 1892 ची रायफल! पिक्चर भारीच आहे, त्यावर वाद नाही, पण तो बघून प्रॉपची यादी करू नका.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: सिव्हिल वॉरच्या (अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या) गोष्टीत पट्ट्यातून काडतुसं काढणं

1861 ते 65 च्या काळात कमरेला असायचं कोल्ट 1851 नेव्ही, कोल्ट 1860 आर्मी किंवा रेमिंग्टन. दिसायला रिव्हॉल्व्हर, पण काम सगळं ठासणीच्या बंदुकीसारखं. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून दारू, वर शिशाची गोळी, मग नळीखालच्या दांड्याने ती दाबायची, आणि मागच्या बाजूला प्रत्येक खणाला ठिणगी देणारी एकेक तांब्याची टोपी बसवायची. असं सहा वेळा. घोड्यावर बसून गोळ्या चुकवत हे कोण करणार, म्हणून ज्यांना परवडायचं ते दोन-तीन भरलेली रिव्हॉल्व्हरं सोबत ठेवायचे. तेव्हा तुमच्या सीनमध्ये पटकन रीलोड दाखवायचंच असेल तर दुसरं पिस्तूल उपसू दे, ते जास्त खरं वाटतं.

धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर तेव्हा नव्हतंच असं नाही, स्मिथ अँड वेसनचं छोटं .22 तर 1857 पासून होतं. पण आरपार खण असलेल्या सिलिंडरचं पेटंट त्यांच्या मुठीत होतं, 1869 पर्यंत. ते संपल्यावरच कोल्टने जुनी कॅप-अँड-बॉल (टोपी आणि सुट्ट्या गोळीची) पिस्तुलं काडतुसावर चालणारी करायला घेतली. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची गोष्ट 1862 च्या आसपासची, पण क्लिंट ईस्टवुडच्या हातातलं नेव्ही काडतुसावर बदललेलं, म्हणजे आठ-दहा वर्षं आधीच आलेलं. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला माफ आहे, तुम्हाला आम्हाला नाही.

पिवळी दिसली म्हणून हेन्री नसते

1860 च्या हेन्री रायफलची फ्रेम पितळी, नळीखाली लाकूड अजिबात नाही आणि बाजूला काडतूस आत सरकवायची खिडकी पण नाही, ती पुढून, नळीच्या टोकाकडून भरायची. विंचेस्टर 1866 पण पितळीच, पण तिला उजव्या बाजूला खिडकी आली आणि नळीखाली लाकूड आलं. जुने प्रॉपवाले काय करायचे, तीच 1892 घ्यायची, पुढचं लाकूड काढून टाकायचं, फ्रेमला सोनेरी रंग फासायचा, झाली हेन्री. पण बाजूची खिडकी तशीच राहायची, पकडायचं तिथेच. आणि खरी हेन्री किंवा तिची चांगली नक्कल मिळाली तर नटाला सांगून ठेवा की काडतुसं मागे ढकलणारा पितळी तुकडा नळीखालच्या उघड्या फटीतून मागे सरकत येतो आणि डाव्या हाताला अडकतो, मग पुढची गोळी वर येतच नाही. शूटिंगला रायफल मधेच जॅम व्हायला लागली तर आधी नटाचा डावा हात कुठे आहे ते बघा.

सगळं बरोबर आहे तरी सीन खोटा वाटतोय?

बहुतेक वेळा धूर नसतो. बिनधुराची दारू अमेरिकेत 1890 च्या दशकात पसरली, त्याआधी सगळी काळी दारू, म्हणजे प्रत्येक गोळीला पांढऱ्या धुराचा मोठा लोट. आपण व्हीएफएक्समध्ये टाकतो ते मझल फ्लॅशचे (नळीच्या तोंडाशी दिसणाऱ्या ज्वाळेचे) तयार क्लिप बहुतेक आधुनिक बंदुकांचे असतात, स्वच्छ, चटकन विझणारे. 1875 च्या सलूनमध्ये बंद दारामागे पाच-सहा गोळ्या झाडल्या की समोरचा माणूस धूसर व्हायला हवा. धूर वाढवा, आणि पुढच्या कटमध्येही तो तसाच राहू द्या, तिथेच सगळे विसरतात.

दुसरं म्हणजे रायफलचा खटका. हिरो धमकी देतो आणि लिव्हर खटॅक करून मागेपुढे करतो, पाच मिनिटांनी परत धमकी, परत खटॅक. अरे पण पहिल्या वेळेस आत गेलेली न उडालेली गोळी दुसऱ्या वेळेस बाहेर उडून पडणार ना! ती पडताना दाखवा नाहीतर दुसरा खटॅक काढून टाका.

कोल्ट सिंगल ॲक्शनला नुसता चाप ओढून चालत नाही, दर गोळीला अंगठ्याने हॅमर मागे ओढावा लागतो. सिलिंडर बाजूला बाहेरही पडत नाही, ती सोय कोल्टमध्ये 1889 ला आली. रिकामी पुंगळी एकेक करून दांडीने ढकलायची, एकेक गोळी घालायची. आणि हॅमरखालचा खण रिकामा ठेवायची पद्धत होती, म्हणजे व्यवहारात पाचच गोळ्या. झटपट रीलोड हवाच असेल आणि गोष्ट 1870 नंतरची असेल तर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 3 द्या, ते मधून बिजागरीवर वाकवून उघडलं की सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर.

बारीक नजरवाल्यांसाठी एक, कोल्टच्या फ्रेमवर पुढे सिलिंडरचा दांडा धरणारा स्क्रू 1896 पर्यंत होता, नंतर तिथे आडवी स्प्रिंगची कळ आली. नक्कल मागवताना ब्लॅक पावडर फ्रेम, म्हणजे ती जुनी स्क्रूवाली, मागा.

आणि मांडीला बांधलेलं खाली लोंबणारं होल्स्टर? ते हॉलिवूडचंच. खरं कमरेला उंच, साधं चामड्याचं असायचं.

ही चूक मात्र जीव घेते

इटलीत ब्रेशा भागात उबेर्ती, पिएत्ता वगैरे कंपन्या बनवतात त्या नकला म्हणजे खेळणी नाहीत, खऱ्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आहेत. 21 ऑक्टोबर 2021 ला न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या पिक्चरच्या रिहर्सलला अशाच एका पिएत्ताच्या कोल्ट नकलेतून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली. त्याआधी सेटवर 'कोल्ड गन' म्हणून सांगितलं गेलं होतं, म्हणजे बंदूक सुरक्षित आहे असं.

डमी गोळीत, म्हणजे नुसत्या दिसण्यापुरत्या गोळीत, दारू नसते, बऱ्याच डमींच्या आत छर्रा असतो आणि हलवलं की खुळखुळतो, काहींना बाजूला भोक असतं. आवाज नाही, भोक नाही, तर ती गोळी सेटवरून बाहेर. डमी घरी बनवायच्या भानगडीत तर पडूच नका, 1993 मध्ये नट ब्रँडन ली शूटिंगला गेला तो तशाच डमीचं टोक नळीत अडकलं आणि मागून ब्लँक झाडलं म्हणून. नळीतून आरपार उजेड दिसतोय का हे दर सीनआधी बघा. नुसतं ब्लँकही जवळून मारतं, 1984 मध्ये एका नटाने गंमत म्हणून कानशिलाला लावून झाडलं आणि तो वाचला नाही. घोड्यावरून पडायचे शॉट रबरी बंदुकीवर करा.

शेवटी काडतुसांचा पट्टा

रायफल आणि पिस्तूल दोन्हीला एकच गोळी, ही गोष्ट खरी आहे, पण ती .44-40 सारख्या काडतुसांची. त्या काळात विंचेस्टर 1873 कधीच .45 कोल्टमध्ये आली नाही, ती आजच्या नकलांमध्ये मिळते. आणि पट्ट्यातल्या गोळ्या बंदुकीत बसणाऱ्या आहेत का ते बघा, कारण कॅमेरा जवळ गेला की कळतं. टीव्हीवर 'वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनची कापलेली 1892 झाडायची .44-40, आणि पट्ट्यात मात्र लांबलचक .45-70 खोचलेल्या, का तर त्या पडद्यावर जास्त दांडग्या दिसायच्या.