उत्तर ० किंवा १ असताना इन्स्ट्रुमेंट कसं वापरावं: माझ्या प्रबंधातला अनुभव

एम.ए.च्या प्रबंधासाठी माझा प्रश्न होता: तिसरं मूल झाल्यावर आईचं कमावणं सुटतं का? सरळ तुलना इथे फसते, कारण जिला मुळात नोकरी करायचीच नाही, तिलाच तिसरं मूल हवं असू शकतं. अर्थशास्त्रज्ञ अँग्रिस्ट आणि इव्हान्स यांनी १९९८ साली अमेरिकी जनगणनेवर यातून वाट काढली. पहिली दोन्ही मुलं एकाच लिंगाची असली की आईबाप तिसऱ्याचा विचार जास्त करतात, आणि लिंग तर निसर्गावर सोडलेलं असतं. हेच त्यांचं इन्स्ट्रुमेंट, म्हणजे तिसऱ्या मुलाची शक्यता बदलणारी, पण आईच्या कामावर थेट परिणाम न करणारी गोष्ट.

मी काय केलं? काम करते की नाही, हे ०-१. तिसरं मूल आहे की नाही, तेही ०-१. म्हणून दोन्हीकडे प्रोबिट (०-१ उत्तराची संभाव्यता काढणारं मॉडेल) लावलं आणि तिसऱ्या मुलाच्या समीकरणातून आलेली संभाव्यता कामाच्या समीकरणात घातली. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. मार्गदर्शक मॅडमनी मात्र पान परत केलं. रेषीय समीकरणात चालणारी ही अदलाबदल प्रोबिटमध्ये चालत नाही. उत्तर चुकीचंच येतं, नमुना कितीही मोठा घ्या. मग मी स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या 'आयव्हीप्रोबिट' या आज्ञेकडे धावले. तेही चुकलं, कारण ते सलग मोजता येणाऱ्या कारणांसाठी आहे, हो-नाही प्रकारच्या नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी आधी कागदावर भागाकार करावा. त्या दोघांच्या १९८०च्या आकड्यांत एकाच लिंगाच्या मुलांमुळे तिसऱ्या मुलाचं प्रमाण सुमारे ६ टक्के-बिंदूंनी वाढतं, तर आईचं काम सुमारे ०.८ने घटतं. भागाकार (०.८ ÷ ६) साधारण ०.१३, म्हणजे तिसऱ्या मुलामुळे आईचं काम साधारण १३ टक्के-बिंदूंनी घटतं. हा परिणाम सगळ्या आयांचा नव्हे. केवळ 'दोन्ही सारखीच' म्हणून ज्यांनी तिसरं होऊ दिलं, त्यांचा. हे कळलं की टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्स (हाच भागाकार दोन रेषीय समीकरणांतून करणारी पद्धत) चालवा, रोबस्ट स्टँडर्ड एररसह, म्हणजे ०-१ उत्तरातली असमान विखुरण सांभाळणाऱ्या त्रुटी-अंदाजासह. सोबत बायव्हेरिएट प्रोबिट (दोन्ही ०-१ समीकरणं एकत्र सोडवणारं मॉडेल) चालवून पाहा. त्यातलं नॉर्मल वितरणाचं गृहीतक मात्र लक्षात ठेवा.

आपल्याकडच्या आकडेवारीवर मला खरं झगडावं लागलं ते इन्स्ट्रुमेंटशी. दोन मुलगे झाले की घरं थांबतात, दोन मुली झाल्या की पुढे जातात. 'एकाच लिंगाची' म्हणून दोघांना एकत्र कसं मोजणार? शिवाय गर्भलिंगनिदानामुळे दुसऱ्या अपत्याचं लिंग योगायोग उरत नाही. म्हणून मी 'पहिली मुलगी' घेतलं. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं: थोरली मुलगी घरकाम सांभाळते म्हणून आई कामावर जात असेल, तर? मग इन्स्ट्रुमेंटचा परिणाम फक्त तिसऱ्या मुलाच्या वाटेनेच होतो, असं म्हणता येत नाही. ती शंका मी प्रबंधात स्वतंत्र पान देऊन लिहिली.