रोज दहा मिनिटं ध्यान: सुरुवातीला होणाऱ्या या चुका टाळा

नागपूरला ध्यान नवं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. तेव्हापासून इथल्या कितीतरी वस्त्यांमधल्या विहारांत वंदनेसोबत आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यानही शिकवलं जातं. माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात शिबिर करून आलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतं. तरीही घरी रोज दहा मिनिटं बसायचं ठरवलं की अनेक जण आठवडाभरातच सोडून देतात. विचारलं तर एकच उत्तर येतं: "माझं मनच लागत नाही जी, मला नाही जमणार." माझ्या मते सगळी अडचण या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मन भटकलं म्हणजे ध्यान फसलं, असं समजणं

तुम्ही बसता आणि श्वासाकडे लक्ष देता. चार-पाच श्वास होत नाहीत तोच मुलाची शाळेची फी आठवते, मग ऑफिसातलं कुणाचं तरी बोलणं, मग रात्रीची भाजी. दोन-तीन मिनिटांनी एकदम लक्षात येतं, अरे, आपण श्वास बघत होतो ना! नवा माणूस इथेच स्वतःवर चिडतो. खरं तर त्या बसण्यातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच असतो. मन गेलं हे कळणं आणि त्याला न रागावता परत श्वासावर आणणं, सराव म्हणतात तो एवढाच. दहा मिनिटांत वीस वेळा मन गेलं आणि वीसही वेळा तुम्ही ते परत आणलंत, तर वीस वेळा सराव झाला. त्या दिवसाला वाया गेलेला दिवस म्हणू नका.

भटकणं हा तुमच्या एकट्याचा दोषही नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी फोनवरून लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं, "आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामावर आहे का?" २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन दुसरीकडेच होतं. जागेपणीचा निम्मा वेळ ज्याला फिरायची सवय आहे, ते मन तुम्ही डोळे मिटले म्हणून लगेच जागेवर कसं बसेल?

फार धावपळ होत असेल तर सोडलेले श्वास मोजा, एक ते दहा. मध्येच आकडा चुकला किंवा मोजता मोजता सतरावर पोचलात, तर पुन्हा एकपासून सुरू करा. आणि उठल्यावर "आज चांगलं झालं, काल वाईट झालं होतं" असा हिशोब मांडू नका. हा हिशोबच पुढे बसण्याची इच्छा मारतो.

शिबिराचं माप घरी लावणं

दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या साधकाला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणाव कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तो आठ आठवड्यांचा असतो आणि त्यातही घरी रोज पाऊण तासाचा सराव असतो. शिक्षक आणि सोबती असतात तिथे ही मापं पेलतात. घरी एकट्यानं सुरू करणाऱ्यानं पाच मिनिटं ठरवावीत आणि ती नेमानं पाळावीत. महिनाभरानं वाटलं तर दहा करावीत. शिबिर केलेलं आहे पण तास जमत नाही, म्हणून काहीच न करणं हे तर फारच मोठं नुकसान आहे.

वेळ संपल्याची हलकी घंटी लावा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर अर्धं लक्ष घड्याळातच राहतं.

शांततेची वाट बघणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. दुपारी जेवून कूलरसमोर बसलात तर ध्यान होत नाही, झोप लागते. उन्हाळ्यात साडेपाच-पावणेसहाला उजाडतं, तेव्हा गच्ची गार असते. ती वेळ घ्या. नाही जमली तर संध्याकाळी जेवणाआधी बसा, सावजी रस्सा पोटात गेल्यावर नको.

कूलरची घरघर, शेजारचा टीव्ही, गल्लीतला भाजीवाला, हे थांबायचं नाही. थांबायची गरजही नाही. आवाज आला, ऐकू आला, मनानं त्याच्यामागे गोष्ट रचायला घेतली हे कळलं, परत श्वास. कूलर फारच जाणवत असेल तर त्या दिवशी लक्ष ठेवायला त्याचाच आवाज घ्या, तेही चालतं. फक्त थेट झोतात बसू नका.

वेळेपेक्षाही कामी येतो तो एक खिळा: रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट. दात घासले की बसायचं, चहा त्यानंतर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी सवयींचा अभ्यास केला. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. म्हणून लग्नघरी गेलात आणि दोन दिवस राहून गेले, तर तिसऱ्या दिवशी सरळ बसा. भरपाई म्हणून तिप्पट वेळ बसू नका.

अंगाचे हाल करणं

मांडी घालणं बंधनकारक नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, तळवे जमिनीवर टेकवा, पाठ ताठ पण सैल ठेवा. खाली बसत असाल तर बुडाखाली घट्ट उशी घ्या. पाय बधिर झाला तर सावकाश हलवा. पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडा, नाहीतर उठून चाला. कामठी रोडवरच्या नागलोकमध्ये बुद्धांची भव्य मूर्ती उभी आहे, तीही चालत्या बुद्धांची. अंबाझरीच्या बागेत किंवा घरातल्या व्हरांड्यात हळू चालत टाच टेकली, पाऊल टेकलं, पाऊल उचललं, एवढंच जाणवू द्या.

श्वास ओढूनताणून घेणं

हा प्राणायाम नाही. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. काहींना मात्र श्वासाकडे पाहिलं की छातीत दडपण येतं, घाबरायला होतं. पॅनिकचे झटके येऊन गेलेल्यांना किंवा मोठा आघात सोसलेल्यांना हे जास्त होऊ शकतं. अशा वेळी "सहन केलं की निवळेल" म्हणून दात आवळून बसू नका. डोळे उघडा, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर न्या, वेळ दोन मिनिटांवर आणा. तरी त्रास होत असेल तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. नैराश्याची किंवा झोपेची औषधं चालू असतील, तर ध्यान सुरू केलं आणि बरं वाटतंय म्हणून ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.