कोकणातल्या कुंड्यांना वातीने पाणी

शिमगा झाला की किनारपट्टीवर ऊन तापू लागते, विहिरींचे पाणी खाली जाते आणि नेमके त्याच दिवसांत लग्नकार्यासाठी घर बंद ठेवून जावे लागते. मागे राहिलेल्या कुंड्यांसाठी तळाशी पाण्याचा कप्पा असलेल्या तयार कुंड्या बाजारात मिळतात. परंतु त्यांचे काम केशाकर्षणावर, म्हणजे बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढण्यावर चालत असल्याने तीच सोय कुंडीखाली पाण्याचा डबा ठेवून आणि त्यातून मातीत वात घेऊन घरी करता येते, आणि आपल्या मातीपाण्याप्रमाणे बदलता येत असल्याने ती मला अधिक पसंत आहे.

सगळी मदार वातीवर असते. सुती वात पाणी उत्तम ओढते, पण ओल्या मातीत काही महिन्यांत कुजते. सिंथेटिक दोरी टिकते, मात्र प्रत्येक दोरी पाणी ओढतेच असे नाही. म्हणून तिचे एक टोक खाण्याचा रंग मिसळलेल्या पाण्यात सोडून रंग वर चढतो का, हे आधी पाहावे. भिजवलेली वात तळाच्या भोकातून कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत घेऊन माती भरावी, दुसरे टोक खालच्या डब्यात तळापर्यंत सोडावे आणि एकदा वरून भरपूर पाणी घालावे, कारण कोरड्या मातीत ओढ सुरूच होत नाही. नुसती तांबडी माती घट्ट बसते. तिच्यात शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा भुसा) मिसळावे. घरच्या सोडणांचा भुसा घ्यायचा असल्यास तो दोन-तीन पाण्यांतून धुवावा.

खाडीकाठच्या मचूळ पाण्याबाबत विशेष जपावे. पाणी खालून चढते, वरून त्याची वाफ होते आणि क्षार मातीतच साठत जातात. मातीवर पांढरा थर येतो, मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात. त्यासाठी महिन्यातून एकदा डबा बाजूला करून, तळातून वाहून जाईपर्यंत वरून गोडे पाणी घालावे.

डब्याच्या झाकणाला वातीपुरतेच भोक ठेवावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कोरफड आणि अडेनियम यांसारख्या, सतत ओल न मानवणाऱ्या झाडांना ही पद्धत लावू नये. गावाला जाण्यापूर्वी डब्यावर खूण करून दोन-तीन दिवसांत पाणी किती उतरते ते पाहावे व त्या हिशेबाने डबा निवडावा.

मृगाच्या आधी डबे काढून घ्यावेत, नाहीतर मुळे कुजतात. वात मात्र लोंबती राहू द्यावी. पावसात कुंडीतले जादा पाणी तिच्यावाटे खाली ठिबकते.