पावसाळ्यापूर्वी सोसायटीच्या पाण्याची तयारी

पुण्यात जून सुरू होण्याआधी गच्चीची गळती आणि पावसाळी गटारे तपासायची आठवण प्रत्येक सोसायटीला होते, परंतु पिण्याच्या पाण्याची तपासणी बहुधा कोणी आजारी पडल्यावरच होते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, विशेषतः नांदेड, किरकटवाडी आणि धायरी या भागांत, गियाँ-बारे सिंड्रोमचे (जुलाबासारख्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातापायांतील ताकद जाणारा आजार) रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडल्यामुळे साऱ्यांचे लक्ष पाण्याकडे वळले. नांदेड आणि किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. तेथे विहिरीतील पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून नळाला येत होते. त्या काळात आमच्या व्यवस्थापन समितीने जे शिकून घेतले, ते तयारीच्या क्रमाने येथे लिहीत आहे. हा क्रम अन्य शहरांतील सोसायट्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

सर्वांत आधी आपल्या इमारतीत पाणी कोठून येते आणि कोणत्या मार्गाने फिरते, याचा साधा नकाशा कागदावर काढून घ्यावा. महापालिकेची जोडणी, बोअर आणि टँकर यांपैकी कोणते पाणी कोणत्या टाकीत पडते, ते कोठे एकत्र होते, आणि मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंत आलेला नळ ड्रेनेजच्या चेंबरजवळून किंवा त्याच्या खालून जातो का, हे प्लंबरला सोबत घेऊन प्रत्यक्ष पाहावे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच सुटते, म्हणून हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पुरवठा बंद असताना नळातील दाब नाहीसा होतो आणि नळाला बारीकशी जरी चीर असली तरी भोवतालच्या ओल्या मातीतील घाण तिच्यातून आत शिरते. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांमुळे ही ओढ आणखी वाढते, म्हणून इमारतीत कोणी अशी मोटर लावली असल्यास ती तत्काळ काढायला लावावी. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ किंवा वासाचे पाणी टाकीत पडू नये यासाठी टाकीच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह आणि ते पाणी सोडून देण्याची वाट असावी. हा खर्च मोठा नाही आणि तो पुढे ढकलू नये.

त्यानंतर जमिनीखालची टाकी. माझ्या मते इमारतीतील सर्वांत धोकादायक आणि सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. तिचे झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर जोराच्या पावसात अंगणातील पाणी सरळ आत जाते, म्हणून तोंडाभोवती किमान वीतभर उंच कठडा बांधून वर घट्ट बसणारे, कुलूप लागणारे झाकण करून घ्यावे. ओव्हरफ्लोच्या पाइपाला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी आहे का, टाकीच्या भिंतींना ओल किंवा मुळे फुटली आहेत का, आणि शेजारच्या चेंबरमध्ये पाणी तुंबले असताना टाकीतील पातळी आपोआप वाढते का, हे पाहावे. आमच्याकडे टाकीच्या कोपऱ्यात अशी एक चीर सापडली आणि ती तेथे किती वर्षे होती हे कोणालाच सांगता आले नाही. आपल्या मुलांनी ते पाणी प्यायले, ही जाणीव अजूनही मनातून जात नाही.

टाकी धुण्याचे काम पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा करावे. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, म्हणून झाकण बराच वेळ उघडे ठेवल्याशिवाय आत उतरू नये, आणि कोणालाही एकट्याने उतरू देऊ नये. गाळ पूर्ण काढून, भिंती ब्रशने घासून, धुतलेले पाणी उपसून टाकल्यानंतर टाकी भरावी आणि प्रत्येक हजार लिटर पाण्यामागे सुमारे २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर वापरावी. पावडर आधी बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावणच टाकीत घालावे. पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरले तर या प्रमाणाने दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. हे पाणी काही तास, शक्यतो रात्रभर, तसेच ठेवून सकाळी पूर्ण सोडून द्यावे आणि टाकी पुन्हा धुवावी. तोवर कोणीही नळ उघडू नये, अशी सूचना आदल्या दिवशीच प्रत्येक घरी पोहोचवावी. ब्लीचिंग पावडरीबरोबर ॲसिड किंवा दुसरे कोणतेही सफाईचे द्रव कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. जुनी, ओलसर झालेली पावडर निकामी असते, म्हणून ती बंद डब्यात आणि थोडीच आणावी. गच्चीवरच्या टाक्यांसाठीही हीच पद्धत आहे.

या यादीतील एकच काम करायचे झाले, तर ते क्लोरीनच्या रोजच्या तपासणीचे करावे. ऑर्थोटोलिडीनची लहान बाटली आणि रंगांची पट्टी असलेला संच स्वस्त मिळतो, आणि पाण्यात काही थेंब घालताच पिवळा रंग किती गडद होतो यावरून क्लोरीनचे प्रमाण कळते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाला दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे किमान ०.५ मिलिग्रॅम. ही मोजणी टाकीत नव्हे, तर सर्वांत दूरच्या घरच्या नळाला करावी. जमिनीखालच्या टाकीत क्लोरीन दिसतो आणि वरच्या मजल्यावर तो नाहीसा होतो, असे आढळल्यास मधल्या कोणत्या तरी टाकीत किंवा नळात घाण आहे, असे समजावे. कोणी मोजायचे, कोणत्या वेळी आणि कोणत्या वहीत लिहायचे, हे नावानिशी ठरवावे. केवळ वॉचमनवर हे काम सोपवून मोकळे होऊ नये. पाणी गढूळ असेल तेव्हा क्लोरीन मातीच्या कणांवरच खर्च होतो, म्हणून आधी पाणी निवळू द्यावे. घरी तुरटी फिरवण्याची जुनी रीत येथे खरोखर उपयोगी पडते, मात्र तुरटीने जंतू मरत नाहीत.

प्रयोगशाळेतील तपासणीसाठी नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा. नळाचे तोंड पुसून ज्योतीने तापवावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे, बाटलीच्या आतल्या भागाला बोट लागू देऊ नये, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. अहवालात प्रथम ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, पाहावे, ते १०० मिलिलिटरमध्ये मुळीच नसावे. बोअरच्या पाण्यासाठी नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, हे आवर्जून पाहावे, कारण ते जास्त असेल तर तान्ह्या बाळांना अपाय होतो आणि पाणी उकळल्याने नायट्रेट कमी न होता उलट दाट होते.

टीडीएस मीटरवर विसंबू नये. हे यंत्र विरघळलेले क्षार मोजते, जंतू नव्हे. क्षार कमी दाखवणारे पाणीही सांडपाण्याने दूषित असू शकते, आणि क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर केवळ त्यासाठी आरओ बसवण्याचे कारण नाही.

टँकर मागवावा लागणार असेल, तर तो कोठे भरला जातो हे आधी विचारावे, आणि पाणी टाकीत ओतण्यापूर्वी त्यातील क्लोरीन मोजावा. मोजू न देणाऱ्याचे पाणी घेऊ नये.

शेवटी, पाणी दूषित झाल्याचा संशय आलेल्या दिवसासाठी एक पान वेगळे लिहून जिन्याजवळ लावावे. त्यावर मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे आणि तो कोण बंद करील, क्षेत्रीय कार्यालयातील पाणीपुरवठा विभागाला कोण कळवील, आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळूनच घ्यावे ही सूचना, हे सर्व स्पष्ट असावे. एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत जुलाब झाले तर समितीला कळवण्याची विनंतीही त्याच पानावर असावी. जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांना मुंग्या आल्या किंवा पायांतील ताकद जाऊ लागली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे, हे वाक्य त्या पानाच्या अगदी वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहावे.